रिकामी झोळी हलवू नये

८ डिसेंबर, सोमवार

आणि म्हणे माझ्यामुळं. मालनबाईच्या नातसुनेच्या लेकराचं पोट तिकडं बीडला दुखलं, ते इकडं अंबडला माझ्या ओट्यावरच्या झोळ्या वाऱ्यानं हलल्या म्हणून दुखलं. रिकामी झोळी हलवू नये, लेकराचं पोट दुखतं, हे मलाही माहीत आहे. मला काय आई नव्हती सांगायला? पण हलवली कुणी? मी तर आत भांडी घासून राह्यले होते. वाऱ्याला जाऊन बोला म्हणावं.

समोरच्या ओट्यावरून आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हातारी म्हणली, "दैवशाला, लेकरं न्हाईत तर झोळ्या तरी सोडून ठेव. चंपाषष्ठीपासून नुसत्या फडफडून राह्यल्यात."

मी म्हणलं, "तुमच्या नातसुनेला म्हणावं तिखट कमी खा. अंगावर पाजती ना ती."

तर फाटक आपटून आत गेली. म्हणजे भांडकुदळ मीच.

ही डायरी भावनानं दिली. माझी पोरगी, संभाजीनगरला दिली आहे. "आई, भांडायच्या आधी यात लिहीत जा. राग कागदावर उतरला की तोंडातून कमी निघतो." चौथी शिकलेल्या बाईला डायरी. आज लिहायच्या आधीच भांडण उरकलं होतं. उद्यापासून बघू.

आमच्या वस्तीचं नाव विश्रांतीनगर. नाव ठेवणाऱ्यानं बराबर ठेवलं. अर्धे रिटायर मास्तर, अर्धे रिटायर कारकून, दुपारी कुत्रंसुद्धा विचारून भुंकतं. पण सुना सगळ्या नोकरीवर. कुणी बँकेत, कुणी दवाखान्यात, कुणी शाळेत. लेकरं कुणाच्या गळ्यात मारायची हा रोजचा तमाशा मी ओट्यावरून बघते. म्हणून पाळणाघर काढलं. सासूच्या नऊवारी लुगड्यांच्या तीन झोळ्या बांधल्या, नारळ फोडला, पाटी लावली. लेकरू एक आलं न्हाई.

आमचे हे, कचरू, एसटीत कंडक्टर आहेत. त्यांनी तिकीट फाडावं तसं एका वाक्यात सांगून टाकलं. "संक्रांतीपर्यंत चालव. न्हाई चाललं तर पुढची खोली क्लासवाल्याला देऊ आणि तू पुण्याला पोराकडं जा. इथं दिवसभर भिंतींशी भांडत बसती."

पुण्याला काय आहे मला? मागच्या खेपेला गेल्ते तर महिनाभर नवव्या मजल्यावर बसून लिफ्ट वर गेली का खाली गेली ते ऐकत होते. सून चांगली आहे. भांडतसुद्धा न्हाई. अशा घरात माणसानं करायचं काय?

मी न्हाई जाणार.

९ डिसेंबर

सकाळी दार उघडलं तर मालनबाई उभी. पदराखाली काहीतरी जड. मला वाटलं डोक्यात घालते का काय.

"बारशाला पाळण्यात आधी काय घालतो गं आपण?"

"वरवंटा."

"मंग घाल की. रिकामी कशापायी ठेवती?"

आणि तिनं पदराखालून वरवंटा काढला. मिक्सर आल्यापासून न्हाणीचं दार अडवायला होता म्हणे. बारशाला आपण वरवंट्याला कुंची घालून, कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या करून आधी पाळण्यात निजवतोच. लेकरू मागून. मला हे सुचलं न्हाई आणि ऐंशीच्या म्हातारीला सुचलं, याचा थोडा राग आला. पण काम झालं.

दुसरा माझा, टाकीखाली पडलेला. तिसरा अण्णासाहेबांकडचा. अण्णासाहेब म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी, रिटायर हेडमास्तर. बायको दोन वर्षांमागं गेली, तेव्हापासून तिचा पाटा-वरवंटा जास्वंदीखाली पडून आहे. त्यांची सून राजनंदिनी स्कूटीवर बँकेत निघाली होती, तिला विचारलं. "घ्या ना काकू, तसाच तर पडलाय." एका टोकाचा टवका गेला आहे, पण वजन चांगलं.

मुलांच्या लहानपणची टोपडी ट्रंकेत होती. घातली. दुपटी गुंडाळली. झोळ्या अशा छान ताणल्या गेल्या की मीच दोनदा बघितलं. मालनबाई म्हणली, "काजळाची तीट लाव. दृष्ट लागंल."

"दगडाला?"

"लोकांना काय माहीत दगड आहे का काय आहे."

म्हातारी दिसते तशी न्हाई.

१२ डिसेंबर

अप्पाराव सकाळी फिरायला जाताना आमच्या फाटकाशी थांबले. वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष तेच, आधी तलाठी होते, अजूनही दुसऱ्याची जागा नजरेनं मोजतात. सोबतच्या माणसाला हळूच म्हणले, "तीन लेकरं आली की. अन् आवाज बिलकुल न्हाई."

मी झाडून राह्यले होते. झाडतच राह्यले. मी खोटं बोलले न्हाई. मला कुणी विचारलंच न्हाई.

समोरून मालनबाई म्हणली, "हळू बोला अप्पाराव, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा." ते पाप तिच्या खात्यात.

१३ डिसेंबर

थंडी लई पडली. संध्याकाळी तिघांना आत घेतलं. दगडाला थंडी वाजत न्हाई एवढं मला कळतं. पण ओट्यावर दव पडतं, टोपडी ओली होतात.

नावं ठेवली आहेत. ओळखायला बरं पडतं. माझा काळ्या, मालनबाईचा लंबू, अण्णासाहेबांचा टवक्या. टवक्या जरा कलतो, त्याला उशी द्यावी लागते.

हे ड्युटीवरून आले. बूट काढता काढता म्हणले, "आज जेवली का तुझी पोरं?"

"तुमच्यापेक्षा कमी खातात."

वर तोंड करून हसले. पण आत जाताना लंबूला हळूच झोका देऊन गेले. बघितलं मी.

दुपारची एक गोष्ट राह्यली. मी झोळी हलवत गाणं म्हणून राह्यले होते. हात हलला की माझं तोंड गप्प बसत न्हाई, कुणी ऐकणारं असो नसो. तर अण्णासाहेब भिंतीशी, कडेवर नातू. आदिनाथ नाव, सगळे आदू म्हणतात, अकरा महिन्यांचा गोळा. दिवसभर तो यांच्याकडंच असतो.

"किती मुलं आहेत, बाई?"

"दिसतात तेवढी."

"गाणं कोणतं ते? आदू थांबून ऐकतो."

मी म्हणलं, "माझ्या आईचं आहे. पुस्तकातलं न्हाई."

शाळा सुटली पण तपासणी सुटली न्हाई माणसाची. तरी बरं, टवक्याचं तोंड मी पलीकडं केलं होतं.

१६ डिसेंबर

अप्पाराव आले. मी ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत होते.

"दैवशालाबाई, हरकत आली आहे. अण्णासाहेबांची. दुपारभर लेकरं रडतात, त्यांचा डोळा लागत न्हाई."

"कोणती लेकरं?"

"तुमची. ही तिघं."

आम्ही दोघांनी झोळ्यांकडं बघितलं. टवक्या कलला होता.

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण सांगितलं तर गाव हसंल आणि मंग कोणती आई लेकरू आणून देती? दगडं निजवणारी बाई म्हणून नाव होईल. न्हाई सांगितलं तर माझी दगडं रडतात. मी म्हणलं, "माझ्याकडं कुणी रडत न्हाई." अप्पाराव म्हणले, ते मंडळात ठरंल, चार जानेवारीला मारुतीच्या देवळात बैठक.

माणूस इतकं खोटं बोलतं. तेही हेडमास्तर.

भावना म्हणते आधी लिही मंग भांड. लिहिलं. आता जाते.

१७ डिसेंबर

भांडण झालं न्हाई.

काल भिंतीशी गेले तर आदू टाहो फोडून रडत होता. अण्णासाहेब अंगणात त्याला औषधाच्या बाटलीसारखं हलवत येरझाऱ्या घालत होते, आणि म्हणत काय होते? पाढे. बे एके बे, बे दुणे चार. बे दाही वीसला पोरगं आणखी पेटलं, तर यांनी तिनाचा धरला. धोतराला लाळ, खांद्याला केळं, चष्मा कपाळावर.

माझ्यानं ऐकवेना. मी आपल्या बाजूला खाली बसले आणि काळ्याला गाणं म्हणायला लागले, जरा मोठ्यानं. हळूहळू तिकडचं रडणं थांबलं. पाढेही थांबले. मी कडवी संपली तरी पहिल्यापासून म्हणत राह्यले. पाय मुंग्यांनी भरून आले.

म्हणजे रडतो स्वतःचा नातू आणि नाव माझ्या दगडांचं. हे असं तोंडावर सुनावणार होते की रिटायर झाल्याचा पस्तावा झाला असता. पण लेकरू झोपलं होतं. झोपलेलं लेकरू उठवून भांडण मी करत न्हाई.

२० डिसेंबर

धरली गेले.

दीपमाला आली. मागच्या गल्लीतली, सरकारी दवाखान्यात नर्स. तिची सासू कांताबाई लेकीच्या बाळंतपणाला आष्टीला गेली, पोरीला बघायला कुणी न्हाई. समीक्षा, दीड वर्षाची. मी खुर्ची आणायला आत वळले, तेवढ्यात तिनं नर्सच्या सवयीनं टवक्याच्या कपाळाला हात लावला. ताप आहे का बघायला.

मी दारात. ती झोळीपाशी. हात तसाच.

"मावशी, हे लेकरू लई गार आहे."

मी म्हणलं, "आता जे काय ते. वरवंटा आहे."

तिनं टोपडं उचललं. मंग दुसऱ्याचं. मंग तिसऱ्याचं. आणि जी खाली बसली हसत, की समीक्षा घाबरून तिच्या तोंडावर हात ठेवायला लागली. मी उभीच. मला वाटलं, संपलं. पुण्याचं तिकीट. लिफ्ट वर, लिफ्ट खाली.

डोळे पुसून ती म्हणली, "दुपट्याखाली उशी कामून दिली याला?"

"कलतो तो."

समीक्षाला तिनं माझ्या मांडीवर ठेवलं. "सोमवारपासून आठला आणते. दगडाची मान सांभाळती ती बाई माझ्या पोरीला पाडणार न्हाई. कुणाला सांगत न्हाई मी. पण मावशी, काजळ पुसा, फार झालं."

२२ डिसेंबर

समीक्षा आठ ते दहा रडली. दहाला मी पण रडायच्या बेतात होते. मंग भाकरीचा पापुद्रा हातात दिला, गप्प झाली. लंबूला झोळीतून काढून पलंगाखाली ठेवलं. खरं लेकरू आल्यावर दगडानं जागा सोडावी.

अप्पाराव फाटकातून म्हणले, "आधीची किती शांत होती. ही नवीन आलेली बिघडवणार त्यांना."

"न्हाई बिघडत ती," मी म्हणलं. "पक्क्या वळणाची आहेत."

२७ डिसेंबर

बेबीनंदा आली. ब्लाउज शिवते, पोरगं मशीनच्या पायडलात हात घालतं. तिनं ऐकलं होतं की माझ्याकडची लेकरं रडत न्हाईत. "देता काय हो त्यांना?"

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण मी म्हणलं, "वळण." तिनं पिंट्याला ठेवला. काळ्या पलंगाखाली गेला.

टवक्या एकटा राह्यला झोळीत. हे म्हणले, "त्याला पण काढ की आता." मी म्हणलं, झोळी रिकामी राहील. ते म्हणले, "गाठ मारून ठेव मंग." मी ऐकलं न ऐकलं केलं. माझी झोळी, मी बघीन.

१ जानेवारी

काल राजनंदिनी बँकेतून सुटून थेट माझ्याकडं आली. संक्रांतीपासून आदूला माझ्याकडं ठेवायचं म्हणते. "अण्णा लई दमतात काकू. मला सांगत न्हाईत, पण मी घरी गेले की खुर्चीत बसल्याबसल्या झोपलेले असतात, आदू छातीवर. त्यांना पण जरा आराम." मी लगेच हो म्हणलं. तीन खरी लेकरं. हरकत घेणाऱ्याच्याच घरचं लेकरू माझ्याकडं, म्हणजे हरकत संपली. मी रात्री यांना गुळाचा शिरा करून घातला.

आज अण्णासाहेब भिंतीशी आले. मला वाटलं हरकत मागं घ्यायला आले.

"त्याला केळं कुस्करून लागतं. त्यात वेलचीची पूड. चिमूट नाही, चिमटीचं टोक."

"बरं."

"झोपताना कान धरतो. स्वतःचा नाही, दुसऱ्याचा."

"धरू द्या की माझा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुमच्या कानात डूल आहेत," म्हणले आणि आत निघून गेले.

डुलाचं काय मध्येच? सोन्याचे आहेत, माझ्या बापानं घातलेत.

आणि संध्याकाळी अप्पारावांचा निरोप. अण्णासाहेब हरकतीवर ठाम आहेत. घरात सून लेकरू ठेवायला निघाली आणि सासरा दुकान बंद पाडायला. नुसती नकारघंटा. अशा माणसाला विश्रांती द्यायची म्हणते राजनंदिनी. त्याला विश्रांतीच तर जास्त झाली आहे.

४ जानेवारी, रविवार, बैठक

आत्ताच लिहिते, न्हाई तर उद्या मालनबाई तिच्या पद्धतीनं सांगती आणि तेच खरं होतं.

देवळाच्या मंडपात सतरंजी. चाळीसेक माणसं. हे ड्युटीवर होते. मी, मालनबाई, मागं दीपमाला, बेबीनंदा पिंट्याला घेऊन. राजनंदिनी सासऱ्याच्या शेजारी.

अण्णासाहेब उभे राह्यले. शाळेच्या भाषेत बोलले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून तीन बालकांच्या सततच्या रडण्यामुळं दुपारची शांतता भंग पावली आहे, वस्ती निवृत्तांची आहे, वगैरे. बोलताना माझ्याकडं बघितलं न्हाई. आदूच्या टोपीची नाडी बोटाला गुंडाळत होते.

अप्पाराव म्हणले, "दैवशालाबाई, काही म्हणायचंय? न्हाई तर उद्यापासून बंद."

मी ठरवून गेल्ते की गप्प बसायचं. दीपमालानं बजावलं होतं, बेबीनंदा समोर आहे, तिला घालवू नका. पण उद्यापासून बंद म्हणल्यावर गप्प कशासाठी बसू? उठले. मालनबाईनं पदर धरला, "बस गं दैवशे, माझाही आहे त्यात एक." पदर सोडवला. घरी गेले, पलंगाखालचे दोन आणि झोळीतला टवक्या, टोपड्यांसकट घमेल्यात घातले आणि देवळात आणून सतरंजीवर एका ओळीत निजवले.

"ही ती तीन लेकरं. आता यांना रडवून दाखवा."

आधी कुणाला कळलं न्हाई. मंग पुढच्या रांगेतल्या एका मास्तरांनी काळ्याचं टोपडं काढलं. मागून दीपमाला फिस्सकन हसली आणि मंग सगळं देऊळ. मारुतीसुद्धा हसला असंल. अप्पाराव तेवढे हसले न्हाईत, तीन आठवडे त्यांनी माझ्या दगडांची तारीफ केली होती.

राजनंदिनी हसता हसता थांबली. "अण्णा," ती म्हणली, "मग दुपारी कोण रडत होतं?"

अण्णासाहेब उठले, ओळीपाशी आले, आणि टवक्याला उचललं. अंगठा फिरवत फिरवत टवका गेलेल्या जागी नेला. न बघता. जिथं पायरी आहे माहीत असतं तिथं पाय पडतो तसा.

"हा हिचा," म्हणले.

"राजनंदिनीला विचारून नेला," मी म्हणलं. "चोरला न्हाई."

"टोपडं?"

"थंडी होती."

ते खाली बसले. टवक्याला मांडीवर घेतलं, एका मांडीवर तो, एका मांडीवर आदू, आणि बैठक संपेपर्यंत तसेच. जाताना तसाच घेऊन गेले. त्यांची वस्तू आहे, नेवो. पण टोपडं माझं होतं. तेही परत दिलं न्हाई.

हसणं संपल्यावर बेबीनंदा उठली. "म्हणजे मला फसवलं तुम्ही. मी आपली माझं पोरगं द्वाड म्हणून लाजत होते. दगडांशी तोलत होते त्याला." पिंट्याला उचललं आणि गेली. तिचं बराबर आहे.

अप्पारावांनी निकाल दिला. आधीची तक्रार बाद, कारण लेकरंच नव्हती. पण आता खरी आहेत, खरी रडणार. भिंतीला लागून अण्णासाहेबांचं घर. त्यांनी संक्रांतीपर्यंत तोंडानं हो म्हणलं तर पाळणाघर चालू, न्हाई तर बंद.

म्हणजे एवढं करून दोरी त्यांच्याच हातात.

७ जानेवारी

बेबीनंदा आली. तोंड फुगलेलं, पिंट्या खाकेत. तीन दिवस झोपला न्हाई म्हणे, झोळी पाहिजे. "दगडं काढलेत ना?"

"काढले."

"परत असलं काही करणार न्हाई ना?"

"तुला आधी सांगून करीन."

हसली मंग. पिंट्याला ठेवून गेली.

दुपारी क्लासवाला खोली मोजायला टेप घेऊन आला. नेमके हे घरी. त्याला म्हणले, "संक्रांत होऊ द्या. आणि आधीच सांगतो, पावसाळ्यात छत गळतं." आमचं छत गळत न्हाई. दोन वर्षांमागं नवीन कोबा केला आहे. यांना कामून असं वाटलं कोण जाणे.

अण्णासाहेब भिंतीशी येत न्हाईत. दुपारी आदूचं रडणं येतं, आणि पाढे. चारापर्यंत पोचलेत.

१० जानेवारी, शनिवार

सहा दिवस वाट बघितली. मी वाट बघणारी बाई न्हाई. सकाळी तव्यावर ठेचा टाकला आणि तो तसाच सोडून त्यांच्या अंगणात गेले. उद्या म्हणलं तर राग निवला असता.

रात्रभर शिक्षा शोधून ठेवली होती. जी माणसं आवाजाची तक्रार करतात त्यांना आवाजातच बसवावं.

ते जास्वंदीखाली बसले होते. आदू पायापाशी मातीत. पाट्यावर टवक्या, टोपडं घातलेलाच.

मी म्हणलं, "अण्णासाहेब, तुम्हाला आवाज होतो ना? मंग एक काम करा. रोज नऊला माझ्या ओट्यावर येऊन बसायचं. चारपर्यंत. कोण किती रडतं ते स्वतःच्या कानानं ऐकायचं. आदूला घेऊनच या, त्याच्या आईनं तसंही ठेवायचं ठरवलंय."

त्यांनी आदूच्या मुठीतली माती काढली.

"फुकट बसायचं न्हाई. मी भाकरी थापायला आत गेले की तिघांकडं लक्ष ठेवायचं. पिंट्या माती खातो, समीक्षा चावते. आदूचं केळं तुम्हीच कुस्करा, मला ते चिमटीचं टोक जमत न्हाई. आणि त्याला झोपताना कुणाचा कान लागतो तो तुमचा देत जा. तुमच्या कानात डूल न्हाईत."

तेवढ्यात आमच्या घरातून ठेच्याच्या धुराचा खाट आला, पार भिंत ओलांडून. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला खोकला लागला, त्यांना न्हाई, त्यांचं नुसतं पाणी. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. तिखट सोसत न्हाई मास्तर लोकांना.

"पाढे म्हणलेले चालतील का?" त्यांनी विचारलं.

"बिलकुल न्हाई. लेकरं रडतात त्यानं."

"मग मला ते गाणं शिकवावं लागेल."

"आधी हो म्हणा."

"विचार करून सांगतो, बाई."

आता यात विचार कसला? शिक्षा आहे, घ्यायची का न्हाई एवढंच. माझा ठेचा करपला तो वेगळा. मी फाटकापर्यंत आले आणि तिथून परत फिरले. गल्लीत अप्पाराव होते, मालनबाई ओट्यावर होती, सगळ्यांना ऐकू जाईल असंच बोलले, आणि विसरायला नको म्हणून इथं पण लिहून ठेवते.

मी ओट्यावर खुर्ची मांडली आहे. रिकामी खुर्ची मला बघवत न्हाई, म्हणून तोवर काळ्याला बसवलं आहे. मंगळवारी भोगी. मी तीळ लावून बाजरीच्या भाकरी आणि भोगीची भाजी करणार. पीठ मळायच्या आत, दूधवाला यायच्या आत, तुमचं उत्तर पाहिजे अण्णासाहेब. एक भाकरी जास्त थापू का न्हाई?